वायरमन घडतो कुठं?

सकाळचे साडेनऊ वाजतायत. कुपवाड एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये करड्या रंगाचे सहा डबे दारं सताड उघडी टाकून ओळीनं उभे आहेत. पॅनेलच्या पत्र्याच्या सांगाड्याला इथे डबाच म्हणतात, मग तो पुरुषभर उंच का असेना. पहिल्या दोघांचं वायरिंग उरकलंय. तिसऱ्यात फोरमनकाका कमरेपर्यंत आत शिरलेत. बाहेर दिसते फक्त पाठ आणि मागच्या खिशातला टेस्टर. उरलेल्या तिघांत पट्ट्यांवर ब्रेकर, कॉन्टॅक्टर, रिले, टर्मिनल सगळं ओळीत बसलंय, पण वायरीचा पत्ता नाही.

"कारखान्याचा बॉयलर पेटलासुद्धा," मालक म्हणतात. "मोळी पडायच्या आत हे सहाच्या सहा साइटवर पायजेत. ऊस काय माझ्या वायरमनसाठी थांबतोय व्हय?"

दसरा होऊन गेलाय, दिवाळी तोंडावर आहे. सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात पॅनेलवाल्यांचे हे सगळ्यात घाईचे दिवस. साखर कारखान्यात गव्हाणीपासून पोत्यापर्यंत जे जे फिरतं, त्याच्या मोटारीमागे कुठेतरी असा डबा उभा असतो. ताकारी, म्हैसाळ, टेंभूच्या उपसा योजना कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं दुष्काळी गावांकडे चढवतात, त्यांच्या पंपघरांतही तो असतो. कुठली मोटार कधी सुरू करायची, भार वाढला तर कधी तोडायची, आधी कुठला पंप आणि मग कुठला, हे सगळं या डब्यात ठरतं. आणि त्यातली एकूण एक वायर अजून माणसाच्या हातानं लागते.

दाराजवळच्या टेबलावर एक मावशी बसल्यात. पूर्वी सांगलीत हळदीच्या वखारीत निवडायला जायच्या, आता वायरी करतात. मी घड्याळ काढून शेजारी उभा राहतो. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीचा तुकडा मापानं कापला. दोन्ही टोकांना नंबराचे फेरूल ओवले. दोन्हीकडचं प्लास्टिक सोललं, पण आतली तांब्याची एक तारही तुटू दिली नाही. थिंबल घातली, क्रिम्पिंग टूलनं दाबली, एकदा ओढून बघितली. वायर गठ्ठ्यात गेली. दीड मिनिट. एका डब्यात अशा सहाशे वायरी आहेत, म्हणजे नुसत्या तयारीचे पंधरा तास. वायर चॅनेलमधून फिरवून दोन्ही टोकांना घट्ट करायचं काम त्यानंतर सुरू होतं.

"उलटा घातलास की रं!" काका डब्यातून बाहेर येतात. आयटीआय करून नुकताच लागलेला पोरगा स्क्रू ड्रायव्हर हातात धरून गोरामोरा होतो. आडव्या वायरीवरचा नंबर डावीकडून उजवीकडे आणि उभ्या वायरीवरचा खालून वर वाचता आला पाहिजे, हा इथला दंडक आहे. पोरानं एक फेरूल उलट्या तोंडाचा लावलाय.

"नंबर तर बरोबर हाय, काका."

"बरोबर हाय? रात्री दोनला मिल बंद पडली, शिफ्टवाल्यानं बॅटरी मारली, त्याला सहा हाय का नऊ हाय कळंना, तर तो तुझ्या नावानं शिमगा करंल. आणि तुझं नाव त्याला म्हाईत न्हाय, म्हणून माझ्या नावानं करंल. काढ."

पोरगा काढतो. काका शेजारच्या टर्मिनलचा स्क्रू स्वतः पाव फेरा आवळतात, वायर दोन बोटांत धरून हिसडा देतात आणि मला सांगतात, "इथून साइटवर जाईस्तोवर डबा टेम्पोत नाचत जातोय. ढिला स्क्रू आणखी ढिला होतोय. मग तिथं वायर तापती, काळी पडती, आणि एक दिवस वास सुटतोय. आग लागायला मोठी चूक लागत न्हाय, पाव फेरा बास."

काका तीसेक वर्षं या धंद्यात आहेत. चॅनेल नव्हते त्या काळात मेणाच्या दोऱ्यानं वायरींच्या जुड्या बांधायला शिकलेले. त्यांच्या हाताखाली कधीकाळी सहा वायरमन होते, आता दोन उरलेत. एक विद्युत सहाय्यकाच्या भरतीत महावितरणला लागला. तीन वर्षं कंत्राटी मानधनावर काढायची, पण पुढे कायमची नोकरी. दुसरा चाकणला गेला, तिथे कंपनीची बस आहे, कॅन्टीन आहे, ओव्हरटाइम आहे. तिसऱ्यानं छतावरच्या सोलरची कामं धरली. सरकारच्या सौर योजना आल्यापासून ज्याला वायर जोडता येते त्याला गावातच गिऱ्हाईक आहे. चौथा भावकीतल्या कुणाच्या तरी गलाईच्या दुकानात परराज्यात गेला. खानापूर-आटपाडीकडच्या घरांत सोनं-चांदी गाळायचा हा रस्ता पिढ्यान् पिढ्यांचा आहे. कुणालाही नावं ठेवावीत असं काही नाही. प्रत्येकानं आपलं भलं बघितलंय.

मालकांच्या टेबलावर ड्रॉइंगची गुंडाळी आणि पेनड्राइव्ह आहे. साताऱ्यात त्यांच्या ओळखीच्या एका पॅनेलवाल्यानं वायरी तयार करणारं मशीन घेतलंय. उरलेल्या तीन डब्यांच्या वायरी तिथून जॉबवर्कनं करून मिळतात का, हे विचारायला ते निघालेत. मीही गाडीत बसतो.

पलूसच्या एमआयडीसीत एका दाराचा पत्रा टाकायचा आहे म्हणून हमरस्ता सोडून आम्ही आतल्या वाटेनं जातो. दोन्ही बाजूंना तुऱ्यावर आलेला ऊस. पलूस सोडलं की लगेच किर्लोस्करवाडी. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवावा लागला, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळचा हा माळ दिला. निवडुंगाच्या त्या माळावर तयार कारागीर कुठून मिळणार? आसपासच्या गावांतली माणसं हाताखाली घेऊन, शिकवूनच लोखंडी नांगर ओतावे लागले. मी हे बोलून दाखवतो तेव्हा मालक गियर बदलत म्हणतात, "खरंय. पण त्यांच्या माणसाला जवळपास दुसरीकडं कुठं जायला नव्हतं. माझ्याकडं शिकलेला पोरगा दोन तासांत पुण्याच्या गाडीत बसतोय."

ताकारी, शेणोली, कराड. कराडला आम्ही हमरस्त्याला लागतो. टेंभूचा बंधारा इथून जवळच. वळणावर कारखान्याकडे जाणाऱ्या बैलगाड्या अजून दिसत नाहीत, पण ऊसतोडीच्या टोळ्यांचे ट्रॅक्टर यायला लागलेत. मालक ते बघतात आणि वेग वाढवतात.

साताऱ्याच्या एमआयडीसीतलं शेड मोठं आहे. आत शिरताच डाव्या हाताला पॅनेलचं दार एका टेबलावर आडवं टाकलंय आणि त्यावर एक फिरतं पातं मीटर-बटणांची भोकं पाडतंय. आमच्या कुपवाडात हेच काम खुणा करून, होलसॉ आणि जिगसॉ धरून चालतं. शेवटी कानशीनं कडा घासायच्या आणि खरवडलेल्या रंगावर ब्रश फिरवायचा. इथे कड गुळगुळीत, माणूस फक्त दार उचलायला.

वायरीचं मशीन आतल्या थंड खोलीत आहे. मागच्या चौकटीवर वायरींची रिळं: लाल, पिवळी, निळी, काळी, हिरवी, करडी. पुढे स्क्रीन. वरच्या कोपऱ्यात खंडेनवमीला घातलेली झेंडूची माळ वाळून काळपट झालीय. कोरेगावकडची एक डिप्लोमा झालेली मुलगी ते चालवते. ती एक काम निवडते. मशीन योग्य रंगाची वायर ओढतं, मोजतं, तिच्या अंगावरच नंबर छापतं, कापतं, दोन्ही टोकं सोलतं, थिंबल दाबतं आणि खालच्या पन्हाळीत सोडतं. मी पुन्हा घड्याळ बघतो. मावशींचं दीड मिनिट इथे काही सेकंदांवर आलंय. फेरूल ओवायचा प्रश्नच उरला नाही, कारण नंबर छापलेला आहे आणि तो वायरीच्या अंगावर पुन्हा पुन्हा येतो. सहाचा नऊ होऊ नये म्हणून अंकाखाली रेघही आहे.

इथले मालक चहा सांगतात. त्यांचा हिशेब तयार आहे. जर्मनीतल्या श्टुटगार्ट विद्यापीठानं पॅनेलच्या धंद्याचा अभ्यास केला, तेव्हा पॅनेल उभं करण्याच्या वेळातला जवळपास निम्मा वेळ वायरिंग खातं असं निघालं. तिथेही इलेक्ट्रिशियन मिळत नाहीत, म्हणून तर जर्मनीतली रिटाल किंवा स्वित्झर्लंडची कोमॅक्स असल्या कंपन्या ही मशीनं करतात. "पण वायर चॅनेलमध्ये घालून टर्मिनलला लावायचं काम अजून माणसाचंच," ते म्हणतात. "वायर लवचीक, जागा अडचणीची, आणि मोटारगाडीसारखी एकाच छापाची हजार पॅनेलं कुणी मागत नाही. प्रत्येक डबा वेगळा. रोबोटला शिकवेपर्यंत ऑर्डर संपते."

"मग माझ्या तीन डब्यांचं?" कुपवाडचे मालक मुद्द्यावर येतात.

"करू की. आज रात्री लावू. ताईंना वायर लिस्ट द्या."

कुपवाडचे मालक टेबलावर गुंडाळी उलगडतात. हे ड्रॉइंग काही वर्षांपूर्वीच्या दुसऱ्याच कारखान्याच्या ऑर्डरचं आहे. त्यावर लाल पेनानं दुरुस्त्या, लालवर निळ्या, आणि कडेला काकांच्या पेन्सिलीच्या खुणा. मुलगी बराच वेळ बघते.

"सर, हे सर्किट झालं. मला कुठून कुठे, कुठला रंग, किती जाडी, किती लांबी, असं प्रत्येक वायरीचं लागेल. लांबी तर यात नाहीच."

"तुमच्याकडं लांबी कुठनं येते?"

"आम्ही आधी कॉम्प्युटरवर सगळा डबा मांडतो. कुठला रिले कुठे बसणार ते तिथेच ठरतं, वायर कुठल्या चॅनेलमधून जाणार तेही. मग लांबी आपोआप निघते." ती बोटानं एका जागी थांबते. "आणि हा टायमर इथे पेन्सिलीनं काढलाय, पण याच्या वायरींना नंबर नाहीत."

"तो काकांनी वाढवलाय."

"का?"

कुपवाडचे मालक खिशातून फोन काढतात. स्पीकरवर काकांचा आवाज येतो, मागे ग्राइंडर चालू आहे. "त्यो व्हय? लाइट गेली आणि परत आली की सगळे पंप एकदम सुटत्यात. मग मेन ब्रेकरच पडतोय. म्हणून एकामागनं एक सुटाय पायजेत. टायमर टाकलाय."

"पण काका, हे ड्रॉइंगमध्ये कुठं लिहिलंय?"

"लिवायचं काय त्यात? म्हाईतच हाय."

खोलीत हसू फुटतं. मुलगी मात्र हसत नाही. तिच्या मशीनला माहीत नाही, आणि जे लिहिलेलं नाही ते मशीन करत नाही. मला सकाळचं शेड आठवतं. तिथली सहा डब्यांची खरी ड्रॉइंग टेबलावर नव्हतीच, ती डब्यात कमरेपर्यंत शिरलेल्या माणसाच्या डोक्यात होती. गिऱ्हाईक ऐन वेळी पंप वाढवतं, मोटारीची ताकद बदलतं, मालक फोनवर सांगतात, काका मान हलवतात आणि वायर लागते. छोट्या धंद्याचं सगळं बळ या चपळाईत आहे. मशीन आणायचं तर सगळ्यात आधी हीच चपळाई कागदावर उतरवावी लागणार, आणि त्याला मशीन चालवणारा नको, काकांना प्रश्न विचारणारं माणूस हवं.

चहा येतो. साताऱ्याचे मालक आपलं दुखणं काढतात. त्यांच्याकडे कागद आहे, मशीन आहे, पण नवं संकट वेगळंच. "आधी पोरगं आलं की सहा महिने वायरी करायचं. कंटाळायचं. पण नंबर लिहून लिहून कुठला पुश बटणाचा, कुठला ट्रिपचा, ते डोक्यात बसायचं. हळूहळू ते एखाद्या जुन्या माणसाच्या मागं उभं राहून फॉल्ट काढायला शिकायचं. आता वायर तयार मिळते, ती कुठून कुठे लावायची तेही तिच्यावरच छापलेलं. पोरगं पहिल्या आठवड्यात डब्याला वायर लावतंय, मला आनंद. पण टेस्टिंगला पॅनेल चालू झालं नाही की ते माझ्याकडं बघतंय. त्याच्या लेखी वायर म्हणजे नंबरापासून नंबरापर्यंत. ती कशाला आहे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही."

शेडच्या दुसऱ्या टोकाला हेच चाललंय. एका पॅनेलची चाचणी आहे. मेगर लावून इन्सुलेशन बघून झालं, पुरवठा दिला, बटण दाबलं. कॉन्टॅक्टर ओढतोय आणि लगेच सुटतोय. दोन पोरं ड्रॉइंगवर वाकलीत. वयानं मोठा एक टेस्टर येतो, डोळे मिटून दोनदा ऐकतो, आणि थेट कॉन्टॅक्टरच्या बाजूच्या संपर्काकडे हात नेतो. बटण सोडल्यावर कॉन्टॅक्टरनं स्वतःला धरून ठेवायचं, ती वायर चुकीच्या टर्मिनलवर गेलीय. वायर बरोबर कापलेली, बरोबर छापलेली, नीट आवळलेली. यादीतच आकडा चुकला होता. मशीननं चूक इमानेइतबारे पार पाडली.

सातारा-सांगलीला शिकवण्याची ओळख नाही असं नाही. किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरलेले आणि पुढे सातारा रोडला धनजीशा कूपर यांच्या कारखान्याशी जोडले गेलेले भाऊराव पाटील याच मातीतले. त्यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, आणि 'कमवा आणि शिका' पुढे साऱ्या महाराष्ट्रानं उचललं. सांगलीत १९४७ पासून आज वालचंदच्या नावानं ओळखलं जाणारं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तालुक्यागणिक आयटीआय आहेत, शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा कायदा आहे. दोन वर्षांत आयटीआय पोराच्या हातात स्क्रू ड्रायव्हर देतं. पण कॉन्टॅक्टरचा आवाज ऐकून वायर ओळखणारा माणूस कारखान्याच्या शेडमध्येच तयार होतो, आणि तोही अशा फुटकळ, कंटाळवाण्या कामातून, जे मशीन सगळ्यात आधी उचलतं. मशीनला बँक कर्ज देते, हप्ते पाडून देते. पोरगं हळू काम करत शिकतं त्या दोन-तीन वर्षांचा खर्च मालकाच्या अंगावर, आणि शिकल्यावर ते टिकेल याची हमी नाही. मग मालकानं मशीनकडे धाव घेतली तर त्याला दोष कसा द्यावा?

चहाचे कप बाजूला सरतात. साताऱ्याचे मालक हिशेबाला बसतात. "तुमचे पहिले दोन डबे झालेत ना? उरलेले तीन त्यांच्यासारखेच?"

"एकाच्या पंपात फरक आहे. बाकी सारखेच."

"मग लांबी ड्रॉइंगमधून काढायची कशाला? झालेल्या डब्यातली एकेक वायर धरा. इकडचं टोक कुठं, तिकडचं कुठं, टेप लावून किती. लिहून पाठवा. ताई यादी भरतील. परवा रात्री वायरी तयार, गठ्ठे बांधून देतो."

"सहाशे वायरी धरायला काका गुंतले तर तिसरा डबा कोण करणार?"

"काका कशाला? तुमचा तो नवा पोरगा आहे ना. सकाळी उलटा फेरूल घालणारा." ही हकीकत मी मघाशीच त्यांना सांगितली होती.

फोन पुन्हा लागतो. आता ग्राइंडर बंद आहे. कुपवाडचे मालक समजावून सांगतात. पलीकडे थोडा वेळ काहीच नाही, मग काका म्हणतात, "धरू दे त्याला वायरी. दोन दिवस जातील, पण सर्किट पाठ हुईल गड्याचं. फक्त एक करा. नुसतं हितनं तिथं नको. ती वायर कशाला हाय, ते पण त्यानं लिवायचं. न्हाय कळलं तर मला विचारायचं."

"सर, मशीनला ते लागत नाही," मुलगी म्हणते.

"मशीनला नसंल लागत, पोरी," फोनमधून उत्तर येतं. तिचं बोलणं काकांना ऐकू गेलंय. "पण कारखान्यात रात्री मिल बंद पडली की तुझं मशीन येणार न्हाय, हे पोरगं जाणार हाय."

मुलगी स्क्रीनवर कोरी यादी उघडते. कुठून, कुठे, रंग, जाडी, लांबी. ती एक रकाना वाढवते आणि वर लिहिते, 'कशासाठी'. मग कुपवाडच्या मालकांना विचारते, "हा काय मी भरणार नाही. तुमच्याकडूनच भरून यायला पाहिजे. उद्या संध्याकाळपर्यंत निम्मी तरी पाठवाल?"

"पाठवतो," ते म्हणतात आणि फोनमध्ये सांगतात, "काका, पोराला उद्या आठलाच बोलवा. आणि मावशींनाबी. टेप धरायला दुसरं माणूस लागंल."